पंचविसावी पट्टी

भुतांवर माझा विश्वास देवावर आहे तेवढाच, म्हणजे रविवारपुरता. तरीही हे खरं आहे. दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस, दुपारचे अडीच. बेस्किद डोंगराच्या पायथ्याशी आमचा ग्लायडरचा कारखाना.

पंख किती वाकतो हे कळावं म्हणून त्यावर नखाएवढ्या पट्ट्या चिकटवायच्या, हे माझं काम. ते शिकवलं ओतिलियाबाईंनी. पट्टीवर अंगठा दाबून धरायचा, तीन ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणून होईपर्यंत. घड्याळ त्यांना चालायचं नाही.

“तिसरी अर्धी सोडलीस बोग्ना, तर पट्टी खोटं बोलेल,” म्हणायच्या.

मार्चमध्ये त्या गेल्या.

त्या दिवशी नव्या पंखावर माझ्या चोवीस पट्ट्या होत्या. ताकद तपासायला मोटरने दोर ताणले, पंख वर वाकू लागला. यंत्रावर चोवीस आकडे शिस्तीत चढले.

आणि मग... पंचविसावा.

त्या जागी तारच जोडलेली नव्हती.

आमचे मुख्य इंजिनियर कोर्नेलसाहेब म्हणाले, मोटरची गडबड आहे, लक्ष देऊ नकोस. माझ्या मनात पाल चुकचुकली. शनिवारी या पंखाचं पहिलं उड्डाण, साहेबांना घाई. आणि उडवणार होता माझा नवरा, तिमोन.

साहेब चहाला गेले तशी मी बॅटरी घेऊन पंखाखाली शिरले.

मुळापासून हातभर अंतरावर... एक पट्टी.

माझ्या नकाशात नसलेली. कडेला आलेल्या गोंदात अंगठ्याचा ठसा, मधोमध तिरपा व्रण. ओतिलियाबाईंचा अंगठा लहानपणी विळ्याने कापला होता.

पंख ऑगस्टमध्ये बनलेला.

मी बोट लावलं. गोंद कोमट होता.

“नवरा उडू नये म्हणून हे उद्योग का?” मागे साहेब उभे होते.

“इथे उघडून बघा. खोटी ठरले तर काढून टाका मला.”

त्यांनी रागारागाने तिथला वरचा थर कापायला लावला. आतला सांधा चिकटलेलाच नव्हता. सुरीचं पातं आरपार गेलं. साहेबांनी स्वतः पातं पुन्हा घालून पाहिलं. पण हे तुला आधी कसं कळलं, असं ते अजून विचारतात, आणि माझ्या हातांकडे बघतात.

पंख दुरुस्त झाला, पुन्हा ताणून पाहिला. पंचविसावा गप्प. उद्या सकाळी दहाला तिमोन उडणार.

आज दुपारी हॉल रिकामा होता. पंख कधीच धावपट्टीवर गेलेला. मी तारा गुंडाळत होते...

पंचविसावा आकडा चढला.

पाठीमागे कोणीतरी पुटपुटत होतं. पहिली नमो मारिया. दुसरी. तिसरी...

अर्ध्यावर थांबली.

मग हा आकडा खरा की खोटा?

मी सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, आता पुरे. तिमोन हसला. “म्हातारीला सांग, परत आलो की थडग्यावर मेणबत्ती लावीन.”

तो स्वयंपाकघरात बूट पुसतोय. मला भीती वाटतेय. मी मघापासून ती राहिलेली तिसरी पुरी करायला बघतेय. लहानपणापासून तोंडपाठ आहे.

अर्ध्यापुढचे शब्दच आठवत नाहीत.