बुटका टप, उंच माणूस

वाचकहो, प्रारंभीच नम्रपणे निवेदन करतो की, या कथेत एका जुन्या पिकअपचा टप कापला जाईल, दोन माणसांच्या मनात दडून बसलेले भय उजेडात येईल, आणि त्या भयाच्या पोटी प्रेम कसे जन्मले, ते यथामती सांगितले जाईल. ज्यांना केवळ वेगाची हौस आहे, त्यांनी अखेरपर्यंत धीर धरावा.

एकोणीसशे सत्तावन्न सालचा डिसेंबर होता. शाफ्टर गावावर धुके असे उतरले होते की, चालणाऱ्यास स्वतःचे बूटही दिसू नयेत. अशा सकाळी आर्डिथ प्रुइट, बटाट्यांच्या वखारीत काम करणारी तरुणी, भर रस्त्यात जीव मुठीत धरून उभी होती. दिवंगत वडिलांचा पिकअप ती पायी चालण्याच्या गतीने भंगारवाल्याकडे नेत होती. आणि ऐन रस्त्याच्या मधोमध त्याचे इंजिन बंद पडले. ढकलावे तर एकटीने रेटेना, सोडून जावे तर मन घेईना. इतक्यात धुक्यातून दुसऱ्या गाडीची घरघर ऐकू आली… जवळ… आणखी जवळ…

"थांबा! पुढे गाडी आहे!" ती किंचाळली.

"कुठे पुढे?" धुके बोलले.

"तुमच्या नाकापुढे!"

ब्रेक करकचून लागले. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारी एक ओढगाडी वीतभर अंतरावर येऊन थांबली. तिचे दार उघडेच होते, आणि रस्त्यावरचा पांढरा पट्टा शोधण्यासाठी चालकाने मान बाहेर काढलेली होती. तो खाली उतरू लागला, तो उतरतच राहिला — इतका उंच तो होता.

"लागलं नाही ना कुठं?"

"लागायला तुम्ही तिथवर पोचला कुठे? मी ओरडले म्हणून…"

"ओरडता मात्र छान! वखारीचा भोंगा बंद पडला, तर तुम्हालाच बोलावत असतील."

तिला हसू आले.

तो एमेट सेयर होता. कापसाच्या जिनिंग कारखान्यामागे त्याचे गॅरेज होते. जुन्या गाड्या कापून, हलक्या करून, त्यांत दांडगे इंजिन बसवून तो त्यांच्या हॉट रॉड बनवीत असे. घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा त्याने पिकअपच्या टपावरून हात फिरविला.

"हिला भंगारात? अहो, पाप लागेल."

"मला भीती वाटते हिची," आर्डिथ म्हणाली. एवढेच सांगायचे असे तिने ठरविले होते. परंतु धुक्यात समोरच्याचा चेहरा अर्धाच दिसतो, म्हणून बोलणे सोपे जाते. ओक्लाहोमाहून सारे बिऱ्हाड याच पिकअपमध्ये लादून येत असता, डोंगराच्या उतारावर ब्रेक निकामी झाले होते. ती तेव्हा सहा वर्षांची, मागे गाद्यांवर बसलेली. वडिलांनी गाडी खडीच्या ढिगात घातली म्हणून सारे वाचले. "पण तो वाऱ्याचा आवाज… अजून येतो कानात."

"मग विकली की सुटाल?"

तिने वर पाहिले. त्याच्या पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब जमले होते.

"नाही सुटणार," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? आता घाबरायचाच कंटाळा आलाय मला. हिला अशी करा की मी हिला पळवीन… आणि थांबवीनसुद्धा."

"आधी थांबायचं करतो," एमेट म्हणाला. "पळायचं मग."

तदनंतर रोज संध्याकाळी वखारीतून सुटल्यावर आर्डिथ गॅरेजात येऊ लागली. येताना ती डब्यात शिजवलेला घेवडा आणि मक्याचा पाव आणीत असे. एमेट म्हणे, मीठ कमी आहे, आणि डबा पुसून खाई. नवे ब्रेक बसले, नवे इंजिन आले. मग वारा कमी अडावा म्हणून टप बुटका करण्याचा दिवस उजाडला. त्याने तिला आत बसविले आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, समोरच्या काचेलगतच्या खांबावर, मापाची चिकटपट्टी लावू लागला.

"हलू नका."

"श्वास घेऊ का?"

"थोडा थोडा."

त्याची बोटे तिच्या कानशिलाजवळ क्षणभर रेंगाळली. त्यांना लोखंडाचा आणि साबणाचा वास होता. परंतु करवतीचे पाते खांबाला टेकले मात्र, आणि तिने त्याची बाही घट्ट पकडली.

"परत जोडता येईल ना?"

"जोडता येईल, पण बुटका. होता तसा पुन्हा नाही व्हायचा."

ही वडिलांची गाडी होती. तिने डोळे मिटले. "मग काप," ती म्हणाली. आपण त्याला एकेरी हाक दिली, हे तिला करवतीच्या आवाजात उशिराने कळले, आणि त्याने तर तिथूनच 'अगं' सुरू केले.

शाफ्टरच्या खोऱ्यात हॉट रॉड बनविणाऱ्यांची एक रीत आहे. स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड ज्याने वेल्डिंग करून मारला, त्याने पहिल्या दौडीत चालविणाऱ्याच्या शेजारी बसायचे. ही दौड वाळवंटातील एका कोरड्या तळ्यावर होते. मार्च महिन्यात एमेटने तो जोड मारला, तेव्हा आर्डिथ उत्साहाने म्हणाली, "म्हणजे तळ्यावर तू माझ्या शेजारी!"

"मी मावतोय कुठे त्यात?" त्याने आत बसून दाखविले. मान काटकोनात मुडपली, डोके टपाला भिडले. तो हसला. ती हसली नाही.

"माप माझ्या डोळ्यांचं घेतलंस," ती हळूच म्हणाली, "पण टप इतका खाली घेतलास तो तुझ्या डोक्यासाठी. मावू नये म्हणून."

एमेटने हातमोजे काढले. कर्टिस नावाचा त्याचा जिवलग मित्र होता. तीन वर्षांपूर्वी कोरड्या तळ्यावर त्याची गाडी उलटली, आणि तो गेला.

"जोड माझा होता. वजन कमी व्हावं म्हणून त्या दिवशी मी उतरलो होतो. गाडीचा असा चेंदा झाला की, जोड आधी तुटला की उलटल्यावर, कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हापासून मी बनवलेल्या गाडीत बसत नाही, आर्डिथ. शेजारी बसून मीच थरथरायला लागलो, तर तू कशाच्या भरवशावर चालवशील?"

"आणि तू बाहेर उभा राहिलास, तर कशाच्या?" तिचा आवाज फाटला. "ज्या जोडावर तुझाच जीव टांगायला तू तयार नाहीस, त्यावर मी माझा टांगू? तू बसलास तर गाडी निघेल, एमेट. नाहीतर भंगारवाला काही मेलेला नाही."

ती डबा तिथेच विसरून निघून गेली.

त्यानंतर ती गॅरेजाकडे फिरकली नाही. मे महिन्यात निरोप आला — रविवारी तळ्यावर ये. वाळवंटातील त्या भेगाळलेल्या, सपाट, पांढऱ्या जमिनीवर तिचा पिकअप उभा होता. गर्द जांभळा, बुटका, जणू उडी घेण्यापूर्वी दबा धरलेला. शेजारी एमेट होता. त्याच्या हातात तिचा डबा होता, घासून लख्ख केलेला.

"मला वाटलं, येणार नाहीस," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटत होतं. अजून वाटतंय."

ती स्टिअरिंगच्या चाकामागे बसली. तिने दोन्ही हातांनी ते घट्ट धरले. पलीकडचे दार उघडले. एमेट आत शिरला, बसू लागला, आणि खाली… खाली… खालीच जात राहिला. तो स्थिरावला, तेव्हा त्याचे डोके आणि टप यांमध्ये बोटभर जागा उरली होती.

आर्डिथने वाकून पाहिले. त्याच्या बाजूचा तळाचा पत्रा कापून खोल बसविला होता, आणि आसन जवळजवळ जमिनीला टेकले होते.

"हे कधी केलंस?"

"तू गेलीस त्यानंतर. टप कापताना मी बाहेर राहायची सोय केली होती. ही आत यायची."

"अरे, पण जमीन किती जवळ आहे!"

"हो ना. खडा लागला तर आधी मलाच कळेल."

"घाबरलायस?"

"भयंकर. आणि तू?"

"वखारीचा भोंगा कुठल्याही क्षणी वाजेल."

त्याने हात लांबवून स्टिअरिंगच्या दांड्यावर, बरोबर त्या जोडावर, तळवा ठेवला. सुटण्याचे निशाण खाली पडले.

पिकअप सुटला. वेगाच्या काट्याने तिला ठाऊक असलेले सारे आकडे मागे टाकले. आणि तो आला — तोच वाऱ्याचा आवाज, डोंगरावरचा, गाद्यांवरचा. पाय उचलावासा वाटला.

"आर्डिथ!" तो ओरडला.

"काय?"

"हा पत्रा आता वर घेता येणार नाही!"

"मग?"

"मग या जागी दुसरं कुणी बसलं, तर त्याला समोरचं दिसायचंच नाही! ही माझ्याच मापाची झालीय… जन्मभरासाठी! चालेल का?"

उत्तर द्यायला उसंत नव्हती. तळ्याच्या टोकाची निशाणे धावत समोर येत होती. तिने पाय ब्रेकवर दाबला. जन्मभर ज्या क्षणाची तिने धास्ती घेतली होती, तो हाच. गाडीने नाक खाली घातले, सरळ रेषेत मंदावली… आणि थांबली.

पाठून धुळीचा लोट आला आणि त्याने दोघांना वेढून टाकले. पुन्हा काही दिसेनासे झाले, त्या डिसेंबरातील सकाळसारखे.

"थांबली," आर्डिथ पुटपुटली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. "एमेट, थांबली रे…"

"आधी तेच तर केलं होतं."

त्याचा तळवा अद्याप जोडावरच होता. तिने त्यावर आपला हात ठेवला. दोन्ही हात थरथरत होते, आणि कोणीही काढून घेतला नाही.

"उत्तर?" त्याने विचारले.

"परत जाताना देते," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "सावकाश चालवीन. बोलायचं पुष्कळ साचलंय."

सदर पिकअपला जांभळा रंग प्रस्तुत लेखकाने दिला. रंग देतेवेळी तो खोल बसविलेला पत्रा माझ्या दृष्टीस पडला होता. परंतु ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी, म्हणून मी मौन पाळले. आपण अखेरपर्यंत सोबत केलीत, याबद्दल आपला अंतःकरणपूर्वक ऋणी,

हॉलिस टकर,
गाड्यांचा रंगारी, शाफ्टर