हातगुण

तिच्या उजव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला टेकत नाही. हात टेबलावर पालथा ठेवला की दोन्हींच्या मध्ये एक फट उरते, चार मिलिमीटरची. बियांची लांबी मोजायच्या पट्टीने तिने ती मोजली आहे. दोन वर्षांत फट वाढलीही नाही, मिटलीही नाही.

त्याला मात्र ती करंगळी भारी आवडते.

"ही आमची रुसूबाई," तो म्हणतो. "सगळी बोटं एकीकडे, आणि ही आपली फटकून!"

मग तो रुसूबाईला हातात घेतो, अंगठ्याने हळूच कुरवाळतो… आणि ती हसते. कधी हसायचं ते तिला डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. करंगळीला काहीच कळत नाही.

त्यांचं जुळलं ते एका पडण्यातूनच. ती तेव्हा बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, काही दिवसांनी रुजलेले दाणे चिमट्याने उचलून मोजायचे. कोवळा मोड न दुखावता दाणा उचलावा तर तिनेच, असं तिथे सगळे म्हणायचे. एका आठवड्यात तिथे नवी कपाटं बसवायला सुतार आला. कानावर पेन्सिल, केसांत भुसा, आणि रंध्यापेक्षा तोंड जास्त चालू.

"मॅडम, दिवसभर हेच मोजता?"

"हो."

"आणि चुकलं तर?"

"परत मोजते."

"अरे बापरे! मी तर खिळेसुद्धा मूठभर घेतो, अंदाजाने."

"म्हणूनच त्या कपाटाचं दार लागत नाहीये, सुतारबुवा."

तो खो खो हसला. दार खरंच लागत नव्हतं. ते लागेपर्यंत त्याने तीन दिवस लावले, आणि त्यातले दोन दिवस त्याने मुद्दामच काढले, हे पुढे त्याने स्वतःच कबूल केलं. चौथ्या दिवशी तिची मोजणी दोनदा चुकली. असं आधी कधी झालं नव्हतं.

त्याच दुपारी वरच्या फळीवरचा खोका काढायला ती स्टुलावर चढली. "थांबा, मी देतो—" तो म्हणतोय तोवर स्टूल कललं. ती हातावर पडली. उजवं कोपर भलत्याच बाजूला गेलं होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण सवय अशी, की तशाही अवस्थेत तिने एकेक बोट हलवून पाहिलं. पाचही हलली. करंगळीखाली फरशीचा गारवा लागत होता, भुशाचे कण टोचत होते. हे तिने मनात नीट नोंदवून ठेवलं.

तो धावत येऊन गुडघ्यांवर बसला. चेहरा पांढराफटक.

"घाबरू नका. सांधा सुटलाय नुसता. बसवतो मी."

"नको, तसाच राहू—"

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने मनगट धरून ओढलं. चौकट सुटली की तो जसा हिसका देऊन बसवायचा, तसाच. खट् आवाज झाला. कोपर जागेवर आलं. कोपरापासून करंगळीपर्यंत एक वीज सरकत गेली… आणि मग तिथे काहीच उरलं नाही. गारवा नाही, भुसा नाही.

"बसला बघा!" तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची बोटं टाचणीने टोचून पाहिली.

"हा हात कुणी ओढला का? नस दुखावली आहे. निखळलेला सांधा आहे तसाच बांधून आणायचा असतो. ओढाओढ करायची नसते."

दाराच्या काचेतून तो दिसत होता. नोंदणीच्या खिडकीपाशी उभा राहून तिचं नाव लिहून देत होता, आणि पेन दोनदा हातातून पडलं. इतका मोठा माणूस, आणि पोरासारखा भेदरला होता… तिच्यासाठी.

"उठताना मी परत पडले," ती म्हणाली.

एका वाक्यात वेळ मारून नेली. ते वाक्य पुढे दोन वर्षं ती सांभाळत राहिली.

तो रोज यायला लागला. तिच्या बोटांच्या व्यायामासाठी त्याने एक लाकडी पाट केला. त्याला भोकं, भोकांत बसणाऱ्या खुंट्या, सगळं घासून रेशमासारखं गुळगुळीत.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"मग हसून दाखवा."

"गोळी दुखण्यावरची आहे, हसण्याची नाही."

"मग हसण्यावरचं औषध मी देतो. दिवसातून तीनदा. जेवणाआधी."

तिला हसू आलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कोपर बरं झालं, नस मात्र नाही. चिमट्यातून दाणे निसटायला लागले. साहेबांनी तिला हळूच टेबलावरच्या कामाला बसवलं. दुसऱ्यांनी मोजलेले आकडे आता ती नुसते उतरवून घेते.

"पडल्यावर होतं असं कधीकधी," तिने त्याला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला.

लग्न ठरलं, तसं तिकडे त्याच्या आत्याने गावभर केलं. "आमच्या पोराच्या हाताला गुण आहे हो! एका झटक्यात सांधाही बसवला आणि सूनही आणली!" हे ऐकून लोक हसायचे, तीही हसायची. त्या घरात तिचा पाय या गोष्टीवरून पडला होता. ती गोष्टच खोटी आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग लोक यायला लागले. कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाचं बोट सुजलेलं. आठ दिवसांत आपसूक बरी होणारी दुखणी, आणि श्रेय त्याच्या हाताला. मग एक दिवस लाकडाच्या वखारीतला हमाल आला, खांदा धरून. ती तिथेच होती.

"आधी डॉक्टरांना दाखवू या," ती पुटपुटली.

"अगं, तुझा नाही का बसला?"

त्याने ओढलं. हमालाची किंकाळी रस्त्यापलीकडे ऐकू गेली. त्याचा हात आजही कानाच्या वर जात नाही. "वय झालं," असं सगळे म्हणतात, तो हमालही तेच म्हणतो. त्या दिवशी तिने ठरवलं, सांगायचं. उद्याच. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या होणाऱ्या स्वयंपाकघराचं चित्र काढून घेऊन आला. फळ्या तिच्या उंचीच्या, स्टुलावर चढायला लागू नये म्हणून. तो 'उद्या' मग पुढे पुढेच जात राहिला.

आणि आज सकाळी त्याच्या घरामागच्या सुतारकामाच्या कारखान्यात लाकडाच्या सालपटांवरून पाय घसरून त्याचे बाबा पडले. मनगट पळीसारखं वाकलं. सगळे गोळा झाले. त्याने बाह्या सरसावल्या.

"ओढ रे, एका दमात!" आत्या म्हणाली.

बाबांनी डोळे मिटून हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

तिचा असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. तो जागच्या जागी थबकला. ती बाबांपाशी बसली.

"बाबा, बोटं हलवा. हं. आता डोळे मिटूनच सांगा, कुठलं बोट धरलंय मी?"

"करंगळी. अगं, दुखतंय ते मनगट, करंगळी नाही!"

"असू दे. बरं झालं कळलं ते."

तिने त्यांचं घड्याळ उतरवलं. बिजागऱ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून तो, हात जसा वाकला होता तसाच, खालून आधाराला दिला. मनगटाच्या वर आणि खाली ओढणीच्या पट्ट्यांनी बांधलं, बोट सरकेल इतपत सैल. बर्फ फडक्यात गुंडाळून वर ठेवला. हात गळ्यात अडकवला. नख दाबून सोडलं, पुन्हा गुलाबी होतंय ना ते पाहिलं. आणि मगच गाडी बोलवायला सांगितली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "कुणी बांधलंय हे? उत्तम." बाबांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर दोघंच उरली.

"आज तू माझा धंदाच बुडवलास," तो म्हणाला. ती ओढणीच्या उरलेल्या पट्टीची घडी घालत राहिली.

"आत्या चिडलीय. म्हणते, सुनेचा पोरावर भरवसा नाही." मग आवाज खाली आणून, "पण खरं सांगू? मलाच भीती वाटली होती. बाबांचा हात… तू ओरडलीस ते बरं झालं."

किती सोपं होतं! तिथेच थांबता आलं असतं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं असतं, की संपलं.

"उद्या मात्र आड येऊ नकोस हं," तो हसत म्हणाला. "कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाई यायच्यात, खांदा घेऊन. शब्द दिलाय मी त्यांना."

"त्यांना डॉक्टरांकडे पाठव."

"अगं, तुझा हात—"

"माझा हात पडल्याने अधू नाही झाला." तिचा आवाज सरळ होता, आकडे वाचून दाखवावेत तसा. "पडल्यावर पाचही बोटं हलत होती. करंगळीला गार लागत होतं. तू ओढलास, आणि ते थांबलं."

तो अजून हसत होता. हसू हळूहळू, एका बाजूने विरघळत गेलं. त्याने स्वतःच्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे… कधी कळलं तुला?"

'आत्ता, डॉक्टरांशी बोलताना' एवढंच म्हणायचा अवकाश होता. त्याने विश्वास ठेवला असता. लग्न झालं असतं, फळ्या तिच्या उंचीच्या लागल्या असत्या.

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "तू त्या हमालाचा खांदा ओढलास, तेव्हाही मला माहीत होतं."