सुट्टी द्यायची राहिली

शेफाली, मध्ये एक शब्द बोलू नकोस. फक्त ऐक.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. कारण हे कुणाच्या मावसबहिणीच्या मैत्रिणीचं वगैरे नाहीये. हे माझ्या आईचं आहे. मी स्वतः तिथे उभी होते.

हाच गेला मे. दोन हजार सात. बिबवेवाडी.

आणि रात्र नाही हां... भर दुपार. अडीच.

तुला माहितीये, आमच्याकडे भुताखेतांचं नुसतं नाव काढलं तरी पप्पा अर्धा तास भाषण देतात. मीपण मानत नव्हते.

आई एकोणीस वर्षं शिकवतेय. शैलाबाई म्हटलं की अख्खी गल्ली ओळखते, कारण अख्ख्या गल्लीला तिचा आवाज ऐकू जातो. शाळा आमच्या बिल्डिंगच्या मागेच. मागच्या गॅलरीतून तिच्या वर्गाच्या खिडक्या दिसतात. चौथी ब.

त्या वर्गाचा एक नियम होता. घंटा झाली तरी उठायचं नाही. बाई 'सुट्टी' म्हणाल्या की मगच उठायचं.

"घंटा शाळेची, सुट्टी माझी," असं म्हणायची ती. गेटवर पालक हाका मारू देत, दारात मुख्याध्यापक येऊ देत. पोरं हलायची नाहीत.

एक मेला निकाल होता. आई नंबर पुकारून प्रगतिपुस्तकं देत होती. आवाज महिनाभर बसलेलाच होता. एकतीस म्हणायला गेली आणि...

गेला.

म्हणजे पूर्ण गेला गं. तोंड उघडतंय, हवा येतेय, आवाज नाही. शेजारच्या वर्गातल्या नंदाबाई आल्या. त्यांनी उरलेली पुस्तकं वाटली आणि पोरांना अक्षरशः हाताला धरून बाहेर काढलं. आईला स्टाफरूममध्ये नेऊन गरम पाणी पाजलं.

तीन तारखेला सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात कॅमेरा घातला. स्वरयंत्रावर गाठी.

"एकवीस दिवस मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतरही आवाज येईल याची गॅरंटी नाही. वर्षभर पोरांना गप्प बसा म्हणता ना? आता आपण बसून दाखवा."

आई घरी येऊन रडली. तेही आवाज न करता.

शाळा अकरा जूनला उघडणार. आवाज नसेल तर बाई वर्गात उभी राहून करणार काय, सांग ना?

मग मी ठरवलं. एकवीस दिवस हिला बोलू द्यायचं नाही म्हणजे नाही. मी पाटी आणून दिली. फोन मी घ्यायचे. सकाळची वंदना एरवी आईच्या आवाजात व्हायची, ती पप्पा एकटेच म्हणायला लागले. घर इतकं शांत झालं ना... फ्रिजचा आवाज त्रास द्यायला लागला.

माझी तेव्हा खराडीत नाईट शिफ्ट. सकाळी कॅब सोडायची, मी दुपारपर्यंत झोपायचे. आईलाही आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोप मिळत होती. दरवर्षी सुट्टीत पापड, साफसफाई, जनगणना, काहीतरी असायचंच. या वर्षी पूर्ण आराम.

दहा-बारा दिवस छान गेले.

मग एका दुपारी मला जाग आली. आई बोलत होती.

मोठ्याने. स्वच्छ. तिच्या वर्गातल्या आवाजात.

"चौदा..."

मी ताडकन उठले. म्हटलं, हिचं डोकं फिरलंय का! धावत तिच्या खोलीत गेले.

आई झोपली होती.

तोंड मिटलेलं. श्वास एकदम शांत.

"पंधरा..."

आवाज मागच्या गॅलरीतून येत होता.

गॅलरीत गेले. शाळेचं मैदान रिकामं, नुसतं ऊन. चौथी 'ब'च्या खिडक्या बंद. आणि त्या बंद खिडक्यांच्या आतून...

"सोळा..."

आणि मध्ये गॅप. एक पोरगं बाकावरून उठून टेबलापर्यंत येईल एवढा. मग पुढचा नंबर.

तीस झालं.

"एकती..."

तुटला. दोरा तुटतो ना, तसा.

मी मागे वळले तर आई दारात उभी. हातात पाटी.

पाटीवर लिहिलेलं, 'तुलापण ऐकू येतं?'

'तुलापण' म्हणजे काय शेफाली... तुला-पण! ती चार दिवस रोज ऐकत होती. मला टेन्शन नको म्हणून सांगितलं नव्हतं.

मी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "कुणीतरी टेप लावली असेल. झोप पूर्ण करत जा." त्यांचं बरोबर होतं म्हणा. दुपारी ते ऑफिसात असायचे.

एकोणीस मे. शनिवार. मौनाचा सतरावा दिवस. शाळेचे शिपाई हिंमतराव दारात आले. ते शाळेतल्याच खोलीत राहतात.

"बाई, सुट्टीत वर्ग घ्यायचा तर घ्या, माझं काय जातंय?" ते म्हणाले. "पण कुलूप तरी काढायला सांगा. चावी माझ्याकडं हाय, आन् तुम्ही आत कशा जाता?"



आईने चपला घातल्या. मी नको नको म्हणतेय, पण ऐकेल तर ना! निघालीच. मी मागे, हिंमतराव माझ्या मागे.

व्हरांड्यात चिटपाखरू नाही. चौथी 'ब'च्या दाराला हे एवढं कुलूप. त्याच्यावर धूळ.

"अठ्ठावीस..."

दाराच्या आत. हातभर अंतरावर.

हिंमतरावांनी आईकडे बघितलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. ते चार पावलं मागे गेले.

"एकोणतीस... तीस... एकती..."

शांतता.

आणि त्या शांततेत मला कळलं, वर्ग रिकामा नाहीये. भरलेला वर्ग गप्प बसलेला असतो ना, तशी शांतता होती ती. कुणीतरी पाय हलवला. बाक करकरलं.

आईने पाटीवर लिहिलं.

'मी सुट्टी दिलीच नाही.'

त्या दिवशी पोरं घरी गेली होती गं. सगळी. नंदाबाईंनी बाहेर काढली होती. मग आत कोण बसलं होतं?

आईने पाटी खाली ठेवली. दाराला हात लावला. दीर्घ श्वास घेतला आणि तोंड उघडलं...

मी तिच्या तोंडावर हात दाबला.

"आई, नाही! चारच दिवस राहिलेत! गाठी फुटतील, आवाज जाईल!"

ती माझा हात ओढायला लागली. मी सोडला नाही. आणि मला काय सुचलं काय माहीत, मीच ओरडले,

"सुट्टी!"

एक सेकंद काहीच नाही.

मग आत धडाधड बाकं सरकली. दप्तरं, पाय, सगळं एकदम दाराकडे आलं. दार आतून थडथडायला लागलं. आणि मग...

"कोण बोललं ते?"

आईचा आवाज.

"मी सांगितलं का?"

पाय थांबले.

एकेक करत परत गेले. बाकं करकरली. सगळे खाली बसले.

माझ्या तळहाताखाली आईचे ओठ हलत होते. ती तोच शब्द म्हणायचा प्रयत्न करत होती. आवाज नव्हता, पण मला हाताला कळत होतं. तरी मी हात काढला नाही. तिला तशीच ओढत घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गातून आवाज येणं बंद.

चोवीस तारखेला डॉक्टरांनी परत कॅमेरा घातला. खूश झाले. "वा! गाठीचं नाव नाही. आता बोला बघू."

आईने तोंड उघडलं.

हवा आली.

तेवढीच.

आज ऑगस्ट संपत आला. तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात घसा ठणठणीत आहे, मनाचं काहीतरी असेल. शाळेने तिला लायब्ररीत बसवलंय. पुस्तकांवर नंबर टाकते.

परवा हिंमतराव भेटले. म्हणाले, चौथी 'ब'ला या वर्षी नवीन बाई, नवीन पोरं. पण घंटा झाली की पोरं उठत नाहीत. नव्या बाई चार-चार वेळा सुट्टी म्हणतात. पोरं नुसती टेबलाच्या बाजूला बघत बसतात. तो नियम त्यांना कुणी सांगितलेलाच नाही.

आणि आई... शाळेतून आली की मागच्या गॅलरीत जाऊन उभी राहते. माझ्याशी पाटीवर नीट बोलते, जेवलीस का, कॅब आली का, सगळं. त्या दुपारबद्दल एक अक्षर लिहीत नाही. पण कधी कधी ती माझ्या हाताकडे बघते. या उजव्या हाताकडे.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, कुजबुजायचंसुद्धा नाही? मी तिचा आवाज वाचवायलाच तर...

खरं सांग शेफाली. तू असतीस तिथे, तर काढला असतास हात?