पेंढ्याचं चाक

गोजरच्या आयुष्यात कुंडलिक आला तो उतारावरून. दोन्ही पाय हवेत पसरून आणि "बाजूऽऽ!" असं ओरडत.

मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिच्या वाडीजवळ एक लांबलचक चढ होता. पलीकडे तेवढाच उतार. मार्गशीर्षातली थंड सकाळ. डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन गोजर रस्ता ओलांडत होती. ओरडा ऐकताच तिनं भारा टाकला आणि बांधावर उडी मारली. सायकल सरळ भाऱ्यात घुसली. धूळ खाली बसली तेव्हा पेंढ्यात एक पांढऱ्या मिशांचा माणूस उताणा पडला होता, आणि... चक्क हसत होता!

"ब्रेक नाय का तुमच्या सायकलीला?" गोजर कडाडली.

"हाय की. पन लावला तर उताराची मजा जाते."

"वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न," त्यानं मिशीतली काडी काढली. "उतारावर अठरा."

गोजरला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या विधवेनं रस्त्यावर हसायचं म्हणजे काय! नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्याशी कोणी भात, बैल आणि पाऊस याशिवाय चार शब्द बोललं नव्हतं.

कुंडलिक वैशाखऱ्याचा. तीस वर्षं टपाल वाटून गेल्या साली नोकरीतून सुटलेला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. नोकरी सुटली, पण सायकल काही त्याच्याकडून सुटेना. त्यातून लढाईचे दिवस, त्रेचाळीस साल. ट्यूब डोळ्यांनासुद्धा दिसत नव्हती. मग पठ्ठ्यानं पेंढा भिजवून, पिळून टायरमध्ये ठासला होता.

"तुमच्या भाऱ्यातला थोडा मिळंल का?" त्यानं त्याच दिवशी विचारलं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सायकल तिच्या खळ्यावर थांबू लागली.

"येवढा पेंढा सायकल खाते की बैल?" गोजर म्हणायची.

"सायकलच. पन तिला तुमच्याच खळ्यावरचा लागतो. दुसरा पचत नाय."

बोलणं गोड होतं, आणि गोड बोलण्याचा गोजरला भारी संशय. वाटेवर दहा खळी असताना हा इथंच का थांबतो? तिनं त्याच्याकडे चोरून पाहावं, तर तोही नेमका तेव्हाच पाहत असायचा... मग दोघंही पेंढ्याकडे पाहायची.

जाऊ जनी तर त्याचे गोडवे गात सुटली. "सोन्यासारखा मानूस हाय गो! इचार कर." गोजरला त्याचाही संशय आला. तिनं पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं, की नवऱ्याच्या वाट्याचं भाताचं शेत दिराकडे, म्हणजे जनीच्याच घरात जाणार होतं. जनीला सोनं दिसत होतं ते कुठलं, हे गोजर पुरतं ओळखून होती.

आणि एका बाजाराला कुंडलिकनं विचारलंच. चाक उलटं धरून, तिच्याकडे न बघता.

"माज्याशी पाट लावशील, गोजर?"

गोजरच्या हातातली काडी तशीच राहिली. "शेत सोडून रिकाम्या हातानं येनार मी. काय मिळनार तुमाला माज्यात?"

"सोबत," तो म्हणाला. "दुसरं काय नको मला."

काहीच नको असलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. "पुढल्या बाजाराला सांगते," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

झोप उडालेलं माणूस खाली बघत चालतं. दुसऱ्याच दिवशी गोजरला धुळीत चाकाचा माग दिसला. टायरमधला पेंढा एका जागी गोळा झाला होता. प्रत्येक फेऱ्याला तिथं ठोकर बसून धुळीत खळगा पडायचा. असं चाक पंचक्रोशीत एकच. बाजार कालच झाला, मग हा आज इकडे कशाला?

माग रस्ता सोडून काळू नदीकडे वळला होता. आणि नदीच्या वाटेवर भागी राहायची. पस्तिशीची, एकटी, हसली की गालाला खळी पडणारी.

गोजरनं आयुष्यभर गाड्यांची चाकोरी पाहिली होती. रिकामी गाडी कुठली, भरलेली कुठली, ती झोपेतही सांगेल. जाताना चाक हलकं उमटलं होतं. येताना खोल... चांगलं खोल. म्हणजे मागं कोणीतरी बसलं होतं! माग मोठ्या चढाला लागला होता. निम्म्यावर चाकाशेजारी पावलं सुरू झाली होती, आणि पावलं फक्त पुरुषाची. म्हणजे बाईला उतरवलंही नाही; तिला बसवून हा बापडा चढ चढवत होता! गोजरचा जीव आणखीच जळला.

"सोबत पायजे म्हनं!" ती भर रस्त्यात म्हणाली. "चांगल्या दोन-दोन सोबती!"

तीन दिवस तोच माग, तोच खोलपणा. चौथ्या सकाळी ती मागामागनं निघाली. भागीच्या दाराशी ती थबकली. पण माग थांबला नाही. तो पुढं गेला, नदीच्या वाळूकडे, जिथं वाडीची मसणवट होती. तिथं कोणी उगाच जात नाही. गोजरच्या नवऱ्यालाही तिथंच पोचवलं होतं.

ती करंजाच्या झाडाआड उभी राहिली. सायकलीवर कुंडलिक होता. मागच्या कॅरेजवर वाळूनं भरलेलं पोतं दोरीनं बांधलं होतं. आणि तो त्या पोत्याशी बोलत होता.

"घट्ट धर हां, गोजर. वळन येतंय... भिऊ नको गो."

गोजरला काय करावं कळेना. हसावं, की रडावं, की पळून जावं? त्यातलं काहीच न करता ती कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

"येवढं वजन हाय का माजं?"

सायकल पोत्यासकट आडवी झाली. कुंडलिक वाळूत बसला. धाप लागलेली, ओठ निळसर पडलेले.

"थोडं... कमीच भरलंय," तो म्हणाला.

"चेष्टा पुरं. हे काय चाललंय, खरं सांगा."

त्यानं श्वास जमवला. "पाटाची नवरी आपल्यात कशी नेतात? अंधारात, आडवाटेनं, मागल्या दारानं. चोरीचा माल असल्यासारखी. मला तुला तशी न्यायची नव्हती. दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्यानं, सायकलीवर बसवून न्यायची होती. पन..."

"पन काय?"

"शहापूरचा डॉक्टर म्हनला, छाती थकलीय. चढ चढू नको. वर्सं किती राहिली ते त्यालाबी म्हाईत नाय."

गोजरला चढावरची ती पावलं आठवली.

"आनि हे माज्यापास्नं लपवलंत?"

"आधी पोत्यावर बघत होतो. चढ जमला असता तर सगळं सांगनार होतो."

"आनि नसता जमला तर?"

"तर पेंढा मागायला येनं बंद केलं असतं." तो वाळूत बोट फिरवत राहिला. "निम्म्याच्या वर पायडल मारवतच नाय गो. रोज बघतो."

गोजर रागावली. मनापासून रागावली. एकदा कुंकू पुसलं होतं तिनं, याच वाळूत. शेत सोडायचं, आणि पुन्हा इथंच येऊन उभं राहायचं? घरी परत जावं, दार लावावं, आपलं भात नि आपण. पाय वळलेसुद्धा. पण समोर तो पोत्याला नीट उभं करत होता, जपून... जशी काही खरंच ती पडली होती.

ती खाली बसली आणि पोत्याची गाठ सोडू लागली. वाळू भसाभसा खाली आली.

"चढाचं मला नका सांगू," ती म्हणाली. "अकरा वर्सं एकलीच चढतेय मी. उतार म्हंजे काय ते मला कुनी दाखवलंच नाय."

"गोजर..."

"चढाला मी ढकलीन. तुमी नुसतं हँडल धरून चालायचं. उताराला मला बसवा."

"आनि शेत?"

"जनीला लखलाभ! दोन हात माजे मीच आनतेय." मग खाली बघत ती हळूच म्हणाली, "पुढल्या बाजाराची वाट बघू नका. हेच उत्तर."

कुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि हात क्षणभर तिथंच राहू दिला.

मोठ्या चढावर तिनं सायकल ढकलली. तो शेजारून चालला, मधे दोनदा थांबला, तीही थांबली. ऊन चांगलं वर आलं होतं. माथ्यावर पोचल्यावर ती पाय एका बाजूला सोडून कॅरेजवर बसली. त्याचा सदरा मुठीत धरला. खळ्यावरून जनी तोंडावर हात ठेवून पाहत होती. पाहू दे!

सायकल सुटली. पेंढ्याचं चाक धडधड ठोकरा देत निघालं, वारा पदरात शिरला, झाडं मागं पळू लागली. गोजरनं डोळे घट्ट मिटले आणि ती किंचाळली. मग एक डोळा उघडला... मग दुसरा.

"भ्या वाटतंय का?" कुंडलिक ओरडला. "लावू का ब्रेक?"

"नको!" गोजर खदखदून हसत होती, भर रस्त्यात, पदर न धरता. "इतक्यात नको!"