बायकोचा हात

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटापर्यंत जाईतो माझ्याच तोंडाला कोरड पडते.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. मी त्यांना काका म्हणतो. आजही आहेत. खातात-पितात, बोलतात, धडधाकट आहेत... एक हात सोडला तर.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. रविवार होता, भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. भुतं फक्त रात्री येतात म्हणणाऱ्यांनी त्यांना घड्याळ बांधलंय का, मला माहीत नाही.

काका गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतात. त्यातही जुने, व्हॉल्व्हवाले. म्हणजे ज्यांच्या आत काचेच्या नळ्या तापून लालसर होतात आणि मग आवाज निघतो, ते. घराची पुढची खोली हेच त्यांचं वर्कशॉप. मधल्या भिंतीला टेकून टेबल. भिंतीच्या पलीकडे आतली खोली, आणि त्याच भिंतीला टेकून मावशीचा पलंग.

मावशीला अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला फक्त डावा हात. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, कुठे दुखत असलं, की ती बोटातली अंगठी भिंतीवर आपटायची.

टक टक... टक.

दोन जवळ, एक लांब.

ती इतकी वाळली होती की अंगठी बोटात राहीना. शेवटी माझ्या आईने अंगठीला दोरा गुंडाळून दिला, तेव्हा कुठे ती टिकली.

काकांना नाद होता. दोन्ही अर्थांनी. एखाद्या अ‍ॅम्पचा आवाज मनासारखा लागेना, तर माणूस जेवणावरून उठायचा.

हे काम ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकले. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बंद केला, प्लग काढला, तरी आत वीज दडून बसते. माणूस आडवा करण्याइतकी. म्हणून मिस्त्रींचा एकच नियम होता. उघड्या अ‍ॅम्पमध्ये एकाच हाताने काम करायचं, दुसरा हात खिशात. दोन्ही हात लागले तर करंट एका हाताने शिरतो, छातीतून जातो आणि दुसऱ्या हाताने निघतो. मग डॉक्टरला बोलवायचं ते फक्त कागदावर सही करायला.

"एक हात कामाचा, दुसरा बायकोचा," मिस्त्री म्हणायचे. "बायकोचा हात बायकोला परत न्यायचा असतो. तो खिशात ठेव."

काका हे सगळ्यांना हसत सांगायचे. मावशीची वाचा होती तेव्हा तीही जेवायला वाढताना विचारायची, "माझा हात आणला का?" काका खिशातून डावा हात काढून पुढे करायचे. लहानपणी आम्हाला त्याचं फार हसू यायचं.

तर, तो अ‍ॅम्प.

एका गिटारवाल्याने आणून दिला होता. एवढासा डबा, एकच स्पीकर. त्याचं रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं.

"आवाज वाईट नाही हो काका," तो म्हणाला, "पण ह्यात जीव नाही. तेवढा जीव घाला."

हे वाक्य काकांना झोंबलं. त्यांच्या हातून गेलेल्या अ‍ॅम्पला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी स्पीकर बदलला. आतले वीज साठवणारे सुकलेले कपॅसिटर काढून नवे घातले. ट्रान्सफॉर्मर मोठा बसवला. आवाज गोल झाला, भरला, कानाला ऊब देऊ लागला. पण मधेच त्यात एक ठोका यायचा.

टक टक... टक.

काकांच्या लगेच लक्षात आलं. भिंतीला कान असतात म्हणतात, तसे बिघडलेल्या व्हॉल्व्हलाही असतात. टेबल हललं, कुणी पाय आपटला, तरी तो ते ऐकतो आणि स्पीकरमधून मोठ्याने सांगतो. मावशी भिंतीवर अंगठी आपटायची, भिंतीने टेबल थरथरायचं, आणि तिची हाक अ‍ॅम्पमधून बाहेर यायची.

सुरुवातीला काका उठून जायचे. मग नुसतं ओरडायचे, "आत्ताच पाणी दिलं ना!" मग तेही बंद झालं.

त्या रविवारी सकाळी मात्र त्यांची सहनशक्ती संपली. दुसऱ्या दिवशी गिटारवाला येणार होता. काका आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी मावशीचा पलंग धरून ओढला.

भिंतीपासून जेमतेम वीतभर लांब. तिचा हात पोचणार नाही, एवढाच.

"जरा वेळ गप पडून राहा," ते म्हणाले. "एवढं झालं की येतो."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. बोलणार काय बिचारी? काकांनी दार ओढून घेतलं.

सकाळ शांत गेली. काका खूश होते. जुन्या वायरींच्या जागी नव्या डाग देऊन जोडल्या, एकेक जोड तपासला. दुपारी अ‍ॅम्प सुरू केला आणि गिटारची तार छेडली. आवाज असा आला की त्यांच्या अंगावर काटा आला.

आणि मग...

टक टक... टक.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःशीच मान हलवली. ती असूच शकत नाही. पलंग आपणच सरकवलाय. म्हणजे दोष व्हॉल्व्हचाच.

बघा, माणूस हुशार असला की कसा फसतो.

त्यांनी पेन्सिल घेतली. डावा हात खिशात घातला. उजव्या हातातल्या पेन्सिलने एकेका व्हॉल्व्हवर हळूच ठोकून पाहिलं. पहिलाच वाजला, टण्ण! काकांनी तो काढून नवा घातला.

टक टक... टक.

त्यांनी व्हॉल्व्हवर रबराच्या कड्या चढवल्या. अ‍ॅम्पखाली रबर घातलं. ठोका हळू झाला. टेबलाच्या पायांखालीही रबर सरकवलं.

टक... टक...

मग एकच. अगदी दुरून आल्यासारखा.

टक.

आणि मग काहीच नाही. नुसता गिटारचा आवाज, स्वच्छ, भरलेला. जिंकलो, असं काकांना वाटलं. ते कितीतरी वेळ वाजवत बसले. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्यांना आठवलं, की मावशीला सकाळपासून कुणी पाणीसुद्धा दिलेलं नाही.

त्यांनी दार उघडलं.

मावशी कुशीवर होती. डावा हात पलंगाबाहेर, भिंतीच्या दिशेने ताणलेला. बोटंसुद्धा ताणलेली. बोटं आणि भिंत ह्यांच्यात अजूनही थोडी जागा होती.

अंग गार पडलं होतं.

काकांनी त्यानंतर जे केलं ते ऐका. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, रडले नाहीत. त्यांनी आधी पलंग पुन्हा भिंतीला लावला. मग डॉक्टरांना फोन केला.

"अंग ताठलंय," डॉक्टर म्हणाले. "सकाळीच गेल्यात. बरेच तास झाले."

ते ऐकून काकांच्या जिवात जीव आला. भेटायला येईल त्याला ते तेच सांगायचे. "सकाळीच गेली हो. कुणाच्या हातात काही नव्हतं." लोक मान हलवायचे. माझी आई मात्र बहिणीच्या ताठलेल्या बोटातून अंगठी काढताना फरशीकडे बघत होती. पलंगाच्या पायांनी तिथे नवे ओरखडे उठवले होते. अंगठी तिने स्वतःजवळ ठेवली.

सकाळीच गेली, तर दुपारी वाजवत कोण होतं, हे कुणी विचारलं नाही. ठोक्याचं कुणाला माहीतच नव्हतं.

गिटारवाला भला माणूस. त्याने रेकॉर्डिंग पुढे ढकललं. काही दिवसांनी त्याचा फोन आला, "काका, तुम्हाला जमेल तेव्हाच... पण आज दुपारी येऊ का?" काका "या" म्हणाले. घरात एकट्याने बसवत नव्हतं, काम तरी होईल.

त्यांनी अ‍ॅम्प टेबलावर उघडा ठेवला आणि सुरू केला. नळ्या लाल झाल्या. गिटारला हातही लावला नव्हता. आणि स्पीकरमधून...

टक टक... टक.

काकांनी पेन्सिल उचलली. सवयीने डावा हात खिशात घातला.

खिशात आधीच एक हात होता.

हाडकुळा. कोरडा. त्याने काकांची बोटं पकडली आणि पकडीत काहीतरी टोचलं. काकांनी ते अंगठ्याने चाचपलं. अंगठी होती... तिला दोरा गुंडाळलेला.

अंगठी माझ्या आईच्या कपाटात होती. मी स्वतः पाहिली आहे.

तो हात त्यांचा हात खिशातून बाहेर काढू लागला. सावकाश. घाई नव्हती त्याला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, फक्त काकांचाच डावा हात उघड्या अ‍ॅम्पकडे निघाला होता. उजवा हात अ‍ॅम्पच्या पत्र्याला टेकलेला, तो उचलता येईना. समोर जिवंत तार.

वीतभर अंतर राहिलं.

दारावरची बेल वाजली.

ओढ थांबली. पकड सुटली नाही. तो हात काकांचा हात घेऊन परत खिशात गेला.

काकांनी दार कसं उघडलं, त्यांना आठवत नाही. गिटारवाला आला, त्याने गिटार अ‍ॅम्पला जोडली आणि वाजवायला लागला. डोळे मिटून वाजवत राहिला.

"वा, काका! आता आलाय जीव! केलंत तरी काय?"

गिटारवाल्याने तारांवर हात ठेवून आवाज थांबवला. खोली शांत झाली.

टक टक... टक.

"आतून कुणी बोलावतंय वाटतं तुम्हाला," तो म्हणाला.

"आत कुणी नाही."

"अहो वाजवतायत की. जा ना, बघून या. मी थांबतो."

किती सोपं वाक्य. त्या रविवारी ते काकांना कुणी म्हटलं असतं तर...

काका आत गेले. खोली रिकामी होती. पलंग भिंतीपासून वीतभर लांब सरकलेला होता.

गिटारवाला खुशीत अ‍ॅम्प घेऊन गेला. ठोका मात्र त्याच्याबरोबर गेला नाही.

हे सगळं काकांनी मला मागच्या महिन्यात सांगितलं. आईने डबा दिला होता, तो द्यायला मी गेलो होतो. काकांचा डावा हात खिशात होता. आता कायमच असतो. डॉक्टर म्हणतात नस दबली आहे. झोपायच्या पायजम्यालाही त्यांनी खिसा शिवून घेतलाय.

"बाहेर काढला की ओढते," ते म्हणाले. "खिशात असला की नुसती धरून बसते."

मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात त्यांच्या खिशातून आवाज आला. टेबलाच्या कडेवर काहीतरी कडक आपटल्यासारखा.

टक टक... टक.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी नाही वाजवत," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माझा हात आणला का म्हणून विचारायची ना रे? तेच विचारते. एवढं एक काम कर बाबा. जाताना पलंग भिंतीला लावून जा. मला एका हाताने जमत नाही. रोज सरकतो."

मी आत गेलो. साधा लोखंडी पलंग. गादी आईने केव्हाच देऊन टाकली होती, नुसता सांगाडा उरला होता. एका हाताने ढकलला तरी सरकला असता.

मी दोन्ही हातांनी ढकलला.

तो हलला नाही.

पाय टेकवून, खांदा लावून, जोर केला. पलंग जड होता. कूस बदलून देताना आजारी माणूस लागतो, तसा जड.

मी तो तसाच ठेवून बाहेर आलो. काकांनी विचारलं, "लावलास?" मी हो म्हणालो आणि चपला घातल्या.

आई दर रविवारी डबा भरते. मी काही ना काही कारण काढतो. काल ती म्हणाली, ठीक आहे, मीच जाते, आणि जाताना कपाटातून ती अंगठी काढून बोटात घालून गेली. अजून आलेली नाही. फोन केला तर उचलते, पण बोलत नाही. नुसतं टक टक... टक.