मुक्या मोटरीचे सहा मैल

वेळ पहाटे साडेपाचच्या सुमाराची. जागा अल्लीपूरहून हिंगणघाटला येणाऱ्या रस्त्यावरचा एक नाला आणि त्यावरचा कठडे नसलेला बुटका पूल. महिना पौष, साल १९५९. हजर माणसं तीन: हिंगणघाटच्या एका कापूस कंपनीचे असिस्टंट इंजिनिअर श्रीनिवासराव, त्याच कंपनीने काढून टाकलेला ड्रायव्हर कवडू, आणि मी, वार्ताहर.

वर्तमानपत्रात माझी हयात गेली. भुताखेतांच्या बातम्या घेऊन येणाऱ्यांना मी कचेरीच्या पायरीवरूनच परत पाठवत आलो. तेव्हा पुढचं मी रंगवून सांगतो आहे असं ज्याला वाटेल, त्याने इथेच थांबावं. माझं भांडण कंपनीशी आहे, आणि भांडायला बसलेला माणूस पदरचं घालत नाही. घातलं की समोरच्याचं फावतं.

आधी गाडीचं सांगतो. कंपनीकडे विजेवर चालणारी एक मोटर आहे. गोऱ्या मॅनेजरच्या काळात विलायतेहून आलेली, उंच, कपाटासारखी. पेट्रोल नाही, धूर नाही. चालवायला नुसता एक दांडा. पुढच्या पेटीत बॅटऱ्यांची रांग. चालताना आवाज असा नाहीच, नुसती घुमल्यासारखी कुजबूज. गावात तिला मुकी मोटर म्हणतात. अलीकडे कंपनी ती आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बाया आणि आजारी माणसं दवाखान्यात आणायला देते. त्याचे फोटो आमच्याच पेपरात छापून आलेले आहेत.

मोटरीच्या मीटरवर इंग्रजी आकडे होते. ते ड्रायव्हरला कळत नाहीत म्हणून श्रीनिवासरावांनी त्यावर नवी तबकडी बसवली. बॅटऱ्या पूर्ण भरून गाडी किती मैल जाते ते पाहिलं आणि तबकडीवर लाल रंगाने मैल लिहिले. सुई जिथे असेल तितके मैल शिल्लक. सोपं काम. फक्त ही परीक्षा घेतली वैशाखात. आपल्याकडे माणसं उन्हाने मरतात. थंडीचा विचार करायचं कोणाच्या मनात येतं? पुण्यात शिकून आलेल्या इंजिनिअरच्याही आलं नाही. वैशाखात गाडी जितकी गेली, तितकी ती बारा महिने जाणार असं सगळ्यांनी धरलं.

त्याच्या आदल्या वर्षीच्या पौषात अल्लीपूरची धुरपता अडली. पहिलटकरीण. कवडूने तिला आणि तिच्या आईला, भागीरथाबाईला, मागच्या बाकावर घेतलं आणि पहाटेच्या काळोखात निघाला. नाल्याच्या पुलावर मोटर थांबली. सुई सहा मैलांवर होती आणि दवाखाना सहा मैलांच्या आतच होता. कवडूने खांदा लावून गाडी ढकलली. एकट्याने किती ढकलणार? उजाडताना बैलगाडी मिळाली तेव्हा धुरपता आणि तिच्या पोटातलं, दोन्ही गेलेलं होतं.

उन्हं चढल्यावर श्रीनिवासराव नाल्यावर पोचले. त्यांनी दांडा ओढला, आणि मोटर चालू झाली! ती कुठेही न अडता कंपनीच्या गिरणीच्या फाटकापर्यंत आली. मॅनेजरने विचारलं, "सहा मैल होते का गाडीत?" श्रीनिवासराव म्हणाले, "होते, साहेब." झालं. गाडीत दम असताना ड्रायव्हरने ती मुद्दाम उभी ठेवली, पिऊन झोपला असेल, असं ठरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून कवडूने मॅनेजरला वाकून रामराम करणं सोडलं होतं, तेही कोणीतरी हलकेच बोललं. नोकरी गेली आणि वर निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा खटला. ढकलताना कवडूचा खांदा सोलला होता, हे भागीरथाबाईने तीनदा सांगितलं. अडाणी बाई म्हणून ते सोडून दिलं.

मी वर्षभर श्रीनिवासरावांच्या मागे लागलो होतो. वाईट माणूस नाही. पण रस्त्यात कवडू दिसला की ते गल्ली बदलायचे. शेवटी सुनावणीच्या आदल्या दिवशी ते स्वतः माझ्या दारात आले, आणि बसायच्या आधीच बोलले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. मी पोचलो तेव्हा वर ऊन होतं, पण पेटीत हात घातला तर बॅटऱ्या अजून गार होत्या. थंडीत बॅटरी सगळी वीज देत नाही हो. काही पोटात दाबून बसते. ऊब लागली की सोडते. मीटरला ते कळत नाही. त्याला वाटतं, आहे म्हणजे मिळणारच."

"मग बोलला का नाहीत?"

"तबकडी माझी होती."

मी म्हणालो, नुसतं बोलून वकील ऐकणार नाही. त्याच थंडीत, त्याच वाटेने गाडी नेऊन दाखवा. ती सुई सहावर असताना बंद पडली तर कवडू सुटला. ते कबूल झाले. तपासणीच्या नावाखाली गाडी त्यांनीच बाहेर काढली. चालवायला कवडूच हवा होता, म्हणून मी त्याला उठवून आणलं.

वजन सारखं हवं म्हणून मागच्या बाकावर सरकीची दोन पोती ठेवली. एक धुरपताचं, एक तिच्या आईचं.

"म्हातारीचं हलकं भरा, साहेब," कवडू म्हणाला. "तिच्या आंगावर काई नाई." मग दांड्यामागे बसत बोलला, "आज बरं हाये. सरकी बोंबलत नाई."

श्रीनिवासरावांनी मान खाली घातली.

तुरीच्या वावरांवर धुकं बसलेलं. आम्ही जात होतो आणि आवाज काहीच नव्हता. चाकाखालची खडी, पुढच्या पेटीतली कुजबूज, बॅटऱ्यांतल्या तेजाबाचा आंबट वास आणि मागून येणारा सरकीचा तेलकट वास. माझे पाय घोट्यापर्यंत बधिर झाले होते.

अल्लीपूरला वेशीतल्या निंबाखाली गाडी वळवून कवडू थांबला. आम्हाला कोणालाच उतरायचं नव्हतं.

"काऊन थांबलास रे?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"तवा थांबलो होतो. तिले चढायले टाइम लागला."

तो दांड्यावर हात ठेवून वाट पाहत राहिला. थोड्या वेळाने गाडी मागच्या अंगाला दबली. किंचितच. नंतर पुन्हा एकदा. रस्ता खचलेला असेल असं मी मनाशी म्हटलं. कवडूने मागे न पाहता गाडी सोडली.

परतीच्या वाटेवर दिवे पिवळे पडत गेले. चढ नसताना गाडी धापा टाकणाऱ्या माणसासारखी मंदावली, आणि नाल्याच्या पुलावर उभी राहिली. कवडूने दांडा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. मग दोन्ही हात वर केले.

"पाहा."

श्रीनिवासरावांनी टॉर्चचा उजेड तबकडीवर धरला. सुई लाल सहावर होती. ते हसत होते, की रडत होते, मला सांगता येणार नाही. "सुटलास तू, कवडू. आज दुपारी मी कोर्टात सांगतो. चूक माझी होती."

"एक साल लागलं, साहेब, तुमाले सहा मैल यायले."

आम्ही तिघेही खाली उतरलो. पुढची पेटी उघडून मी स्वतः बॅटऱ्यांवर तळवा ठेवला. विहिरीतल्या दगडासारख्या गार. माझी खात्री पटली. पेटी लावली.

तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला. बाईचा. दात एकमेकांवर आपटत असताना बोलावं तसा.

"दवाखाना... आला का?"

आम्ही हललो नाही. धुकं पुलावरून सरकत होतं. मागच्या काचेआड मला पोती दिसायला हवी होती. काच आतून वाफेने पांढरी झाली होती.

"आला का... भाऊ?"

श्रीनिवासरावांनी कवडूचा दंड धरला. "कोण आहे रे आत?"

कवडूने दंड सोडवून घेतला. "तवा मी बोललो होतो तिच्याशी. सारी वाट. आता तुमी बोला."

"मी... काय बोलू?"

"तुमच्याच आकड्याचं इचारून राह्यली ते."

श्रीनिवासराव काचेजवळ गेले. त्यांना खरं सांगता आलं असतं. बाई, गाडी बंद पडली, आकडा खोटा आहे, एवढंच. त्यासाठीच तर आम्ही आलो होतो. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांच्या तोंडून जे निघालं ते असं:

"सहा... सहा मैल आहेत अजून, बाई. पुरतील."

पेटीत कुजबूज सुरू झाली. दिवे पांढरेशुभ्र पेटले. आमच्या अंगाला एक झळ लागली, चुलीचं तोंड उघडावं तशी, आणि मोटर आमच्या समोरून पुढे निघाली. दांड्यामागे कोणी नव्हतं. कवडू दोन पावलं धावला, मग थांबला. दिवा लहान होत गेला. आवाज नव्हताच, त्यामुळे ती कधी दूर गेली हेही कळलं नाही.

पुलावर, जिथे मागचं दार होतं तिथे, सरकीचं एक पोतं उभं होतं. आम्ही ते उतरवलेलं नव्हतं. कोणाला तरी बसायला जागा हवी होती.

"साहेब," कवडू म्हणाला, "तुमी पुन्हा तेच बोलले."

आम्ही चालत हिंगणघाटला पोचलो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. मोटर दवाखान्याच्या फाटकात, दार उघडं टाकून उभी होती. पहारेकरी नत्थू शेकोटी सोडून लांब, भिंतीला टेकून बसला होता.

"कोणी आणली गाडी?" मी विचारलं.

"आणणारा नाई दिसला, जी. बाई उतरली एक. माह्या बाजूनं गेली तं उनाची झळ लागली, बैसाखातली. म्हने, त्यायले सांगजो, पुरले."

"कुठे गेली?"

त्याने बाळंतिणींच्या खोलीकडे हात केला. त्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

सुई शून्यावर होती. मी पेटी उघडली आणि हात झटकून मागे घेतला. बॅटऱ्या तापल्या होत्या. माझ्या तळव्याला त्याचा चट्टा अजून आहे.

दुपारी सुनावणी झाली. श्रीनिवासराव पिंजऱ्यात उभे राहिले आणि तबकडीची, वैशाखाची, पौषाची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. आवाज फाटला तरी थांबले नाहीत. त्यासाठी मी त्यांना मानतो. कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला.

"गाडी पुलावर बंद पडली म्हणता. मग आज पहाटे ती दवाखान्यात कशी आली?"

श्रीनिवासरावांनी कवडूकडे पाहिलं.

"म्हणजे सहा मैल होते. कोणी चालवली, सांगा."

मला बोलावलं, मी पाहिलं तसं सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला. मागे कोणीतरी हसलं. कवडूला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिले जायचं होतं, ते गेली." गाडी जप्त झाली, आणि चालवणाऱ्याचं नाव मिळेपर्यंत पुढची तारीख पडली. पुढची, मग त्याच्या पुढची. कवडू जामिनावर आहे आणि लोकांच्या वावरात कापूस वेचतो. श्रीनिवासराव रजेवर गेले ते परत आले नाहीत. मुकी मोटर आपली होती हे कंपनीने कधी नाकारलेलं नाही, पण तबकडी कोणत्या महिन्यात रंगवली, हा माझा प्रश्न चार वेळा छापून आला तरी एक ओळ उत्तर दिलेलं नाही.

परवाच्या तारखेला मी लवकर गेलो होतो. कडक थंडी होती. मोटर कोर्टाच्या आवारात उभी आहे, दारांना लाखेची मोहोर आहे. तिच्या पुढच्या पेटीखाली गावातली पाच-सहा कुत्री अंगाला अंग लावून झोपली होती. मी पट्टेवाल्याला विचारलं, ही इथेच का येतात?

"थंडीची येतात, जी. तिथं ऊब हाये ना."

बॅटऱ्या पोलिसांनी गेल्याच महिन्यात काढून नेल्या आहेत.