चौथा मजला वगळून

"सरका ना जरा!"

"सरकतो... पण कुठे?"

दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, सोसायटीच्या अध्यक्षकाकांचं जुनं लोखंडी कपाट ठाण मांडून बसलेलं होतं. कपाट आणि कठडा यांच्यामधून एका वेळी एकच माणूस जाई, तोही पोट आत घेऊन. नेमकी तिथेच ती वर जाताना आणि तो खाली येताना अडकले. तिच्या हातात बाबांच्या औषधांची पिशवी, त्याच्या काखेत पत्रकांचा गठ्ठा. दोघं इतके जवळ, की भांडायचं तरी हळू आवाजात भांडावं लागत होतं.

"काकांचे पाहुणे ना तुम्ही? मग सांगा त्यांना, हा जिना काही त्यांच्या तीर्थरूपांनी बांधलेला नाही म्हणावं!"

"पाहुणा नाही मी. अग्निशमन केंद्रातून आलोय. उन्हाळा तोंडावर आलाय, म्हणून इमारती बघत फिरतोय." तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आणि कपाटाच्या बाबतीत म्हणाल, तर मी तुमच्याच पक्षात आहे."

तेव्हा कुठे तिने नीट पाहिलं. गणवेश, उन्हाने रापलेला चेहरा, जरा बाहेर आलेले कान... आणि डोळ्यांत चक्क हसू!

"हसायला काय झालं?"

"हसलो नाही हो. चेहराच असा आहे."

तो उलट्या पावली वर गेला आणि तिला वाट करून दिली. ती फणकाऱ्याने निघून गेली. पण पुढच्या वळणावर तिने खाली वाकून पाहिलंच. तोही वर बघत होता. मेला!

रविवारी त्याने सगळ्यांना खाली जमवलं. एकाच प्लगमध्ये चार-चार वायरी खुपसू नका, मागच्या आवारातलं वाळलेलं गवत काढा, जिन्यात सामान ठेवू नका. माना डोलल्या. "साहेब म्हणतात ते अगदी रास्त आहे," म्हणत अध्यक्षकाकांनी स्वतः हात लावून कपाट हलवलं. संध्याकाळी जिना कसा लख्ख मोकळा!

खरं तर तिने आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रत्येक बैठकीत हेच ती घसा फोडून सांगत आली होती. तेव्हा "अगं पोरी, तुझं आपलं काहीतरीच" म्हणून हीच मंडळी चहा पीत बसायची. आणि आज गणवेश दिसला, की यांना एकदम अक्कल फुटली? आता माणसाला राग येणार नाही तर काय होईल!

"कपाट गेलं, तरी तुम्ही चिडलेल्याच?" त्याने फाटकाशी विचारलं.

"तुमच्यावर नाही चिडले."

"मग माझ्याकडे बघून का असं..."

"कारण समोर तुम्ही आहात!"

त्याने मान तुकवली. "बरोबर आहे. आम्ही समोर उभं राहण्याचाच पगार घेतो."

तिला हसू आलं. तिने ते मोठ्या कष्टाने गिळलं. जिना चढताना मात्र त्याचं ते मान तुकवणं पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

खरी ठिणगी पडली ती पुढच्या आठवड्यात. तो कवायतीचं सांगायला दारात आला. शिट्टी वाजली की सगळ्यांनी घरं सोडून जिन्याने खाली यायचं, वगैरे.

"तुमच्या वडिलांना मात्र त्रास नको," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "अध्यक्षही तेच म्हणाले. त्यांना घरीच राहू द्या. तुम्ही एकट्या आलात तरी चालेल."

तिने मागे वळून पाहिलं. आत खिडकीपाशी बाबा बसले होते. उजवी बाजू लुळी पडल्यापासून ते चौथ्या मजल्यावरून उतरलेच नव्हते. लिफ्ट नाही. कुणाला उचला म्हणायचं, तर बाबांनाच लाज. तिच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासताना, भिंगं बदलताना, बाहेरून बंब घणघणत गेला की ती हातातलं टाकून दाराशी धावायची. आपली इमारत नसेल ना? बाबा एकटे आहेत...

"आगीला सांगून ठेवलंय का तुम्ही?" तिचा आवाज चढला. "की बाई, चौथ्या मजल्यावर जाऊ नकोस, तिथे आजारी माणूस आहे, त्याला त्रास होईल?"

"तसं नाही, मी..."

"मग कसं? ज्याला पाय आहेत त्याला पळायला शिकवता. ज्याला नाहीत त्याने काय करायचं? खिडकीतून टाटा करायचा?"

"अगं, राहू दे," आतून बाबा म्हणाले. "त्यांचं काय चुकलं? माझं काय आता..."

बाबांचं हे 'माझं काय आता' तिच्या काळजाला असं झोंबलं, की तिने धाडकन दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर. मग दाराला पाठ लावून रडली. आग लागली तर आपण बाबांना सोडून उतरणार नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि आपल्याला एकटीला ते उचलवत नाहीत, हेही.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. गणवेश नाही, साधा शर्ट.

"डोळे तपासायचेत."

"काय होतंय?"

"समोरचं दिसत नाही. काल एक अख्खा मजला दिसला नाही."

तिने मुकाट्याने त्याला खुर्चीत बसवलं. एका डोळ्यावर झाकण धरायला दिलं.

"वाचा."

त्याने शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत. उठा."

"दुसरा राहिला ना!" तो घाईघाईने म्हणाला, आणि मग आवाज खाली आला. "चुकलं माझं. रात्रभर तेच डोक्यात होतं. आमच्याकडे पट्ट्यांची खुर्ची आहे, चौघांनी धरायची. पण बंब पोचेपर्यंत वेळ जातो, तेव्हा शेजाऱ्यांनाच ती उचलता यायला हवी. शिकवूया त्यांना?"

"माझं कोण ऐकतंय? त्यांना गणवेश लागतो."

"मग मी तोंड उघडणार नाही. विचारायचं ते तुम्हाला विचारतील."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर कवायत होणार नाही." त्याने झाकण खाली केलं आणि दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "चौथा मजला वगळून केलेली कवायत मी कवायत धरणारच नाही."

नेमका तेव्हाच चष्मा पुसायचा रुमाल तिच्या हातून पडला. तो उचलायला दोघंही वाकले... आणि डोक्यावर डोकं आपटलं.

"आई गं! दिसत नाही का तुम्हाला?"

"तेच तर सांगतोय मघापासून..."

बाबांना तयार करणं हे मात्र महाकठीण काम. "माझं ओझं लोकांवर कशाला?" एवढाच घोषा. शेवटी ती त्यांच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "तुम्ही वर राहिलात तर मीही वरच राहणार. आता ठरवा." मग बाबांनी डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला घेतली.

कवायतीच्या दिवशी बाबांना पट्ट्यांच्या खुर्चीत बसवलं आणि शिट्टी झाली. इमारत खाली उतरू लागली. अध्यक्षकाका धापा टाकत वर आले. "साहेब, उगाच कशाला म्हाताऱ्याला..."

त्याने नुसतं तिच्याकडे बोट केलं.

"काका," ती म्हणाली, "पुढचा उजवा पट्टा तुम्ही धरा."

"मी?"

"हो, तुम्हीच. कपाट हलवता आलं ना? मग!"

जिन्यात खसखस पिकली. काकांनी निमूटपणे पट्टा धरला. तळमजल्यावरचा शिंपी, समोरच्या काकू, काकूंचा जावई असे तिघं आणखी. ती एक पायरी पुढे. "एकदम उचला... थांबा. आता पायरी. काका, गुडघे वाकवा, पाठ नको!" आवाज तिचाच होता, नेहमीचाच. पण आज सगळे ऐकत होते. तो मागून येत होता, ओठ घट्ट मिटून, दिल्या शब्दाला जागून.

खाली अंगणात खुर्ची टेकली. बाबांनी रस्त्याकडे पाहिलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "आता उतरेन तो चौघांच्या खांद्यावरूनच. जिवंत उतरेन असं वाटलं नव्हतं गं."

काका तोंड फिरवून घाम पुसत राहिले. एवढा घाम डोळ्यांना कुठून आला, देव जाणे. ती मात्र तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाजात धार होती.

"झालं ना तुमचं काम? आता दुसऱ्या इमारती, दुसरे जिने! इकडे कशाला फिरकाल!"

"फिरकायचंय," तो म्हणाला. "पण कारण काय सांगू? डोळे तपासून झाले..."

"कारण कशाला लागतं? मी एवढी आयुष्यात कुणावर चिडले नाही, तरी तुम्हाला कळू नये?"

"कळलंय. पहिल्याच दिवशी, कपाटापाशी." त्याचे कान लाल झाले. "तेव्हापासून मला तुमच्या रागाशिवाय करमत नाही. जन्मभर चिडाल का माझ्यावर?"

"ही काय मागणी घालायची रीत झाली? अंगणात, सगळ्यांसमोर... जरा तरी..."

"हो की नाही?"

"हो! पण मला घाई केलेली मुळीच आवडत नाही!"

"अगं ए," मागून बाबांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी असा खणखणीत. "तुमचं भांडण संपलं असेल तर मला जरा सावलीत घ्या. ऊन लागतंय इथे!"

दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची उचलली.